रेंजच्या चारही काड्या भरलेल्या, तरी मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटतो

खिडकीपाशी | सोमवार, रात्री १०:१२

गेले तीन आठवडे ऑफिसपासून लांब राहून काम करतेय, आणि अजून तीन महिने तरी इथेच आहे. वायरचं इंटरनेट इथे येत नाही, येण्याचं चिन्हही नाही. जे काही व्हायचं ते मोबाइलच्या नेटवरच. एका जुन्या अँड्रॉइड फोनात वेगळं सिम घालून तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलाय. त्यावर हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप त्याला जोडलेला. रेंज कायम पूर्ण. स्पीड टेस्ट लावली की चाळीसच्या वर आकडा येतो. त्यामुळे 'नेट चालत नाही' म्हटलं की ऑफिसातले माझ्याकडेच संशयाने बघतात.

तक्रारी तीन आहेत. मीटिंगमध्ये मला सगळे स्वच्छ ऐकू येतात, माझा आवाज मात्र त्यांना तुकड्यातुकड्याने जातो. आज साहेबांनी चौथ्यांदा विचारलं, "पाण्याखालून बोलतेस का?" दुसरी, ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट) जोडलं जातं, मेल येतात, पण आतल्या सर्व्हरवरचं एक मोठं पान उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं. अर्धा तास ठेवून पाहिलं, ढिम्म. तिसरी, संध्याकाळी आठनंतर सगळंच बसतं.

माझं काम कागदपत्रांचं. नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा त्या बेताने सांगा.

चार्जर_विसरला | सोमवार, रात्री १०:२०

सिम बदला. विषय संपला.

बिनतारी | सोमवार, रात्री ११:०५

सिम बदलण्याआधी थोडं थांबा. तुम्हाला त्यांचं ऐकू येतं आणि त्यांना तुमचं जात नाही, यातच अर्धं निदान आहे.

टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो. तुमचा फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम (रेडिओच्या ताकदीचं माप), म्हणजे ०.२ वॅट. तिकडे लाऊडस्पीकर आणि इकडे घसा बसलेला माणूस. फोनवरच्या काड्या काय दाखवतात? लाऊडस्पीकर किती मोठ्याने ऐकू येतो ते. तुमचा आवाज तिकडे पोचतोय की नाही, हे त्या काड्या सांगूच शकत नाहीत. शिवाय किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारे आणि मोबाइल कंपन्या आपापल्या मर्जीने ठरवतात. कित्येक अँड्रॉइड फोन उणे ९८ डीबीएमच्या वर गेलं की सगळ्या काड्या भरून मोकळे होतात. दोन वेगळ्या फोनांवरच्या काड्यांची तुलना करण्यात तर काहीच अर्थ नाही.

आकडे बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये सिमची स्थिती दिसते, तिथे डीबीएममध्ये सिग्नल लिहिलेला असतो. आयफोनवाल्यांनी *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. सिग्नलचं कुठलंही फुकट अॅप टाकलंत तर आणखी सविस्तर कळेल. मला चार गोष्टी हव्यात: आरएसआरपी (सिग्नलची ताकद), एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती वर आहे), बँड (रेडिओलहरींचा पट्टा) कुठला, आणि स्पीड टेस्टमधला अपलोड. डाउनलोडचा आकडा सांगू नका, त्याने आजवर सगळ्यांची दिशाभूलच केलीय.

आरएसआरपी उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला चालतं, उणे ११० च्या खाली गेलं की रडगाणं सुरू. हे आकडे लॉगरिदमचे आहेत. उणे ९७ आणि उणे १०७ यांत दहा टक्क्यांचा नव्हे, दहा पटींचा फरक असतो.

खिडकीपाशी | मंगळवार, सकाळी ७:४०

आरएसआरपी उणे ९७. एसआयएनआर ४. बँड ४०. अपलोड १.४ (खरंच, आजवर मी तो आकडा कधी पाहिलाच नव्हता!). ४२ खाली आणि १.४ वर, हे असं असतं?

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८:१५

असतं. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. तिथे जाण्यायेण्याला वेगवेगळे रस्ते नसतात. एकच रस्ता आळीपाळीने वापरतात, आणि बहुतेक पाळ्या डाउनलोडला दिलेल्या असतात, कारण जग व्हिडिओ बघतं, पाठवत नाही. त्यात एसआयएनआर ४ म्हणजे गोंगाटात उभं राहून बोलणं. १५-२० असेल तर मजा.

आता खरा प्रश्न. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आहे का? आणि टेबलावर फोनच्या आसपास अजून काय काय आहे?

खिडकीपाशी | मंगळवार, सकाळी ८:३१

हो, २.४ च. टेबलावर लॅपटॉप, एक यूएसबीचा हब (माउस आणि बाहेरची हार्ड डिस्क त्यावर लावलीय), आणि फोन हबला टेकवून उभा केलाय, म्हणजे पडत नाही.

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८:३४

सापडला.

बँड ४० संपतो २४०० मेगाहर्ट्झला आणि वायफायचा २.४ चा पट्टा सुरू होतो तोही २४०० लाच. मध्ये कुंपण नाही. एकाच फोनात, बोटभर अंतरावरच्या दोन अँटेना. एक टॉवरशी बोलतेय, दुसरी तुमच्या लॅपटॉपशी. फोन टॉवरकडे काही पाठवतो त्या क्षणी लॅपटॉपकडून येणारं वायफाय त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणजे नेमका अपलोडच मार खातो. फोन बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, ते गाळण्या बसवतात, दोघांच्या पाळ्या लावतात. पण जुन्या स्वस्त फोनांत सगळं जेमतेम असतं.

वर तो हब! यूएसबी ३ ची वायर आणि जोडण्या नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायरलेस माउस अडखळतो तोही बऱ्याचदा याचमुळे. तुम्ही तर फोन त्यालाच टेकवून ठेवलाय.

तेव्हा वायफाय बंद करा आणि फोन यूएसबीच्या वायरने थेट लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायर मीटरभर लांब घ्या. हबमधून नको. डिस्क काम नसेल तेव्हा काढून ठेवा. मॅक असेल तर काही अँड्रॉइड फोन वायरने ओळखले जात नाहीत, मग हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या. ब्लूटूथने जोडण्याचा मोह नको, ते जेमतेम दोनेक एमबीपीएसला (सेकंदाला दोन मेगाबिट) दमतं.

नंतर फोन वायरीसकट खिडकीभर फिरवा. २३०० ला लहर १३ सेंटीमीटरची असते, त्यामुळे वीतभर सरकवलं तरी आकडा बदलतो. दर जागी अर्धा मिनिट थांबून एसआयएनआर बघायचा. ताकदीपेक्षा तो महत्त्वाचा. काचेवर उन्हाची फिल्म किंवा धातूचा पातळ थर असेल तर खिडकी उघडून बघा. असल्या काचा सिग्नल शंभरपट सहज पाडतात, आणि लोक बिचारे खिडकी म्हणून त्यांच्याच पाशी बसतात.

उंटावरून | मंगळवार, सकाळी ९:५०

एवढा व्याप करण्यापेक्षा सिग्नल बूस्टर का लावत नाही? माझ्या ओळखीत एकाने लावलाय, मस्त चालतो.

बिनतारी | मंगळवार, सकाळी १०:०२

कारण बूस्टर गोंगाटही तेवढाच वाढवतो. एसआयएनआर ४ चा ४ च राहतो, कधी खाली येतो. बऱ्याच देशांत मोबाइल कंपनीच्या संमतीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि कारण रास्त आहे: एक वाईट बूस्टर त्या टॉवरवरच्या सगळ्यांचा अपलोड बिघडवतो. तुमच्या ओळखीतल्याचं मस्त चालत असेल, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा.

खर्च करायचाच असेल तर बाहेरची अँटेना लावता येणारा फोरजी राउटर घ्या. दोन अँटेना लागतात, एक नव्हे. फोरजी दोन अँटेनांवर दोन वेगळे प्रवाह चालवतं. आणि वायर जितकी लांब तितका सिग्नल त्या वायरीतच जिरतो. तेव्हा राउटर अँटेनाशेजारी वर ठेवायचा आणि खाली आणायची ती नेटवर्कची वायर. दहा मीटर पातळ कोअॅक्सियल (अँटेनाची वायर) ओढून अँटेनाने कमावलेलं सगळं घालवणारे मी पाहिलेत.

पुन्हा_प्रयत्न_करा | मंगळवार, सकाळी १०:४०

फाइव्हजी घेतलं तर हे सगळे प्रश्न सुटतील ना?

बिनतारी | मंगळवार, सकाळी ११:१०

डाउनलोडचे सुटतील, जे त्यांना नाहीतच. फाइव्हजी पुष्कळ ठिकाणी फोरजीच्या खांद्यावर बसूनच चालतं. खांदा डगमगत असेल तर वरचा पडणारच.

जुनाट_मोडेम | मंगळवार, दुपारी १:१५

वाचून जुने दिवस आठवले. जीपीआरएसवर (मोबाइलवरचं टूजीच्या काळातलं नेट) काम केलंय मी. फोनचा इन्फ्रारेड डोळा आणि लॅपटॉपचा डोळा समोरासमोर ठेवून, मधून कोणाचा हात गेला की कनेक्शन तुटायचं. कागदावर १७१ केबीपीएस, हाती पडायचे चाळीसेक. एक मेल जायला एवढा वेळ लागे की तोवर मजकुरातली चूक आठवायची. आणखी एक गंमत: २००९ च्या डिसेंबरात स्टॉकहोम आणि ऑस्लोत जगातलं पहिलं फोरजी सुरू झालं, तेव्हा त्यावर चालणारे फोनच नव्हते, नुसते यूएसबी डोंगल विकले गेले. थोडक्यात, फोरजी आधी लॅपटॉपवाल्यांच्याच हातात आलं. फोनवाले मागाहून आले आणि त्यांनी सगळी पाळी डाउनलोडला नेली.

असो, मुद्द्यावर येतो. बिनतारी म्हणतात ते करा, फरक पडेल. पण माझी पैज आहे की मधूनमधून पाच-दहा सेकंद सगळं गोठणं तरीही राहील. उरलं तर इथे येऊन सांगा.

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री ९:२५

आधी चांगली बातमी. वायरने जोडलं, हब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फोन खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लटकवलाय (घरातले हसतायत). एसआयएनआर ११, अपलोड ४.६. खालच्या कोपऱ्यात ६ येत होता, दोन विती वर ११! विश्वास बसेना म्हणून तीनदा खालीवर केलं.

आता वाईट. जुनाट मोडेम पैज जिंकले. दुपारच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं छान, मग एकदम मी गोठले. आठ-दहा सेकंदांनी परत चालू. पुन्हा दहा मिनिटांनी तेच.

जुनाट_मोडेम | मंगळवार, रात्री १०:००

मीटिंगच्या आधी तुम्ही फोटो किंवा मोठी फाइल सेव्ह केली होती का? लॅपटॉपवर क्लाउडचं फोल्डर आपोआप वर चढत असेल. ते चालू असताना एक काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून कुठल्याही सर्व्हरला पिंग (हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा आणि आकडे बघत बसा.

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री १०:२२

क्लाउड फोल्डर आहेच, ऑफिसनेच दिलंय. पिंग लावलं: ४८, ५१, ४६, ५०... मग मुद्दाम एक ६० एमबीची स्कॅन केलेली फाइल त्यात टाकली. ४९, १८०, ६४०, १३१०, १९७०, २२४०, 'विनंतीची वेळ संपली', २१०५. फाइल थांबवली की दोन सेकंदांत परत ५०. हे काय आहे??

जुनाट_मोडेम | मंगळवार, रात्री १०:५०

याला 'बफरब्लोट' म्हणतात. नाव २०१० मध्ये जिम गेटिस यांनी रूढ केलं, दुखणं त्याहून जुनं.

फोनच्या आत टॉवरकडे जाणाऱ्या पाकिटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) रांग असते. ही रांग कोणीतरी मोठ्या मनाने भलतीच लांब ठेवलीय, म्हणजे एकही पाकीट वाया जाऊ नये. क्लाउडवाला येतो आणि रांग काठोकाठ भरतो. मग तुमचा आवाज येतो, तो रांगेत शेवटी उभा. हिशोब करा: रांगेत १ एमबी (म्हणजे ८ मेगाबिट) साचलंय, दाराची रुंदी ४ एमबीपीएस, तर आवाजाला दोन सेकंद ताटकळावं लागणार. दोन सेकंद उशिरा आलेला आवाज मीटिंगच्या सॉफ्टवेअरच्या लेखी मेलेलाच, ते तो टाकून देतं. एकही पाकीट हरवलं नाही आणि तरी तुम्ही गप्प. स्पीड टेस्टमधला वेगाचा आकडा याबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण ती टेस्ट रांग भरूनच मोजमाप करते.

उपाय सोपा. विंडोजमध्ये या कनेक्शनवर 'मीटर्ड' ची खूण करा, अपडेट आणि बरंच काही आपोआप थांबतं. मॅकवर 'लो डेटा मोड'. क्लाउडच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, तुमच्याकडे ४.६ आहे तर दीडवर बांधा. मीटिंगच्या वेळी सरळ थांबवा. आणि त्या फोनमधलंही बघा, जुना फोन आहे म्हणता, मागे फोटोंचा बॅकअप चालू असायचा.

झूमच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे दोघांच्या कॉलला ७२०पी चित्रासाठी जाता-येता प्रत्येकी १.२ एमबीपीएस लागतात आणि नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस. म्हणजे चित्राच्या एका तासाला एका बाजूने ५४० एमबी, आवाजाच्या तासाला तिशीच्या आसपास. साहेबांना तुमचं तोंड बघायचंय की म्हणणं ऐकायचंय, ते तुम्ही ठरवा.

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री ११:०१

फोनवर फोटोंचा बॅकअप चालू होता. चार वर्षांपूर्वीचे फोटो. हसू की रडू.

दोन_सिमवाली | बुधवार, सकाळी ९:१०

धागा छान चाललाय म्हणून माझं एक पदरमोड करून शिकलेलं सांगते. 'एका कंपनीचं नेट गेलं तर दुसऱ्याचं' म्हणून मी एकाच फोनात दोन सिम ठेवली होती. एक ईसिम, एक साधं. वाटलं, पक्की सोय झाली. महत्त्वाच्या सादरीकरणात मध्यावर नेट गायब. का? दुसऱ्या सिमवर पार्सल आणणाऱ्याचा फोन आला. बहुतेक दोन सिमच्या फोनांत रेडिओ एकाच वेळी दोन्हीकडे पूर्ण ताकदीने काम करत नाही. एकावर कॉल आला, आणि तो कॉल फोरजीवरून न येता जुन्या नेटवर्कवर उतरला, की दुसऱ्यावरचा डेटा थांबतो. मी मात्र तीन मिनिटं रिकाम्या पडद्यापुढे तळमळीने बोलत होते.

तेव्हा ज्या फोनवरून काम चालतं त्यावर कॉल येताच कामा नये. राखीव सिम वेगळ्या यंत्रात ठेवा. आणि राखीव घेताना ती कंपनी स्वतःच्या टॉवरवर चालते की दुसऱ्याच्याच नेटवर्कवर नाव बदलून विकते, हे बघा. नाहीतर दोन्ही एकदम जातात आणि दोन बिलं तेवढी येतात.

पाकीटमार | बुधवार, दुपारी १२:२०

दुसऱ्या तक्रारीला कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो. (आयडी बघून घाबरू नका, आम्ही फक्त नेटवर्कमधली पाकिटं मारतो.)

व्हीपीएन जोडलं जातं, छोटे मेल येतात, लॉगिन होतं, मोठं पान मात्र नुसतं फिरतं. हे वेगाचं दुखणं नाहीच. कमी वेगात पान हळूहळू का होईना येतं. इथे थोडंही येत नाही. पाकिटाचा आकार मोठा होतोय.

वायरच्या नेटवर्कात एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट, आणि तुमचा लॅपटॉप जगभर तीच चाल धरून बसतो. मोबाइल कंपनी आतल्या आत तुमचं पाकीट आणखी एका पाकिटात घालून नेते. त्या वरच्या कव्हरला जागा लागते, म्हणून बऱ्याच मोबाइल नेटवर्कांवर मर्यादा १४०० ते १४६० च्या दरम्यान कुठेतरी असते. त्यावर व्हीपीएन स्वतःचं कव्हर चढवतं, साठ-ऐंशी बाइटचं. छोटी पाकिटं सुटतात, भरलेलं पाकीट दारात अडकतं.

अडकलं की वाटेतल्या राउटरने 'मावत नाही, लहान कर' अशी चिठ्ठी परत पाठवायची, असा नियम आहे. पण कित्येक फायरवॉलवाले सुरक्षेच्या नावाखाली या चिठ्ठ्याच फाडून टाकतात. मग पाठवणारा तेच मोठं पाकीट परत परत पाठवत राहतो. ते तुमचं गोल गोल फिरणं.

तपासा असं: व्हीपीएन बंद करा. पिंगला 'तुकडे करू नको' असा पर्याय द्या (विंडोजवर उणे एफ) आणि आकार द्या (उणे एल) १४७२. त्यात २८ बाइट मथळ्याचे मिळवले की १५०० होतात. अडलं तर दहा-दहाने कमी करत जा, पहिलं जे पार होईल ते इथे लिहा.

खिडकीपाशी | बुधवार, दुपारी १:०५

१४७२ नाही, १४६२ नाही, ५२, ४२, ३२, २२, १२ काहीच नाही. १४०२ गेलं!

पाकीटमार | बुधवार, दुपारी १:१८

१४०२ अधिक २८ म्हणजे १४३०. तुमच्या नेटवर्कचं दार एवढं. आता व्हीपीएनच्या आतल्या बाजूची मर्यादा (एमटीयू) किती ठेवलीय ते आयटीवाल्यांना विचारा. १४०० असेल तर कव्हर धरून १४६०-८० होतात, अडकणारच. १३०० करायला सांगा. फार खाली नेऊ नका, आयपीव्ही६ ला (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) किमान १२८० लागतात.

जाता जाता हेही विचारा की व्हीपीएन टीसीपीवर (हरवलेलं पाकीट परत पाठवणारी पद्धत) चालतं की यूडीपीवर (पाठवून मोकळी होणारी). टीसीपीच्या पोटात टीसीपी घातला की एक पाकीट हरवल्यावर आतला आणि बाहेरचा दोघेही तेच परत पाठवायला धावतात, मोबाइलवर याचा फार त्रास होतो. वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) असेल तर सोन्याहून पिवळं: ते यूडीपीवरच चालतं आणि नेट एका सिमवरून दुसऱ्यावर गेलं तरी पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. सर्व्हरवर नुसतं टंकायचं काम करणाऱ्यांनी मॉश नावाचं सॉफ्टवेअर बघावं. लॅपटॉप मिटून दुसऱ्या दिवशी उघडला तरी सत्र जागच्या जागी.

कुंपणावर | बुधवार, दुपारी ३:३०

अवांतर: स्टेशन, वाचनालय अशा ठिकाणचं फुकट वायफाय वापरावं का? सगळे घाबरवतात.

पाकीटमार | बुधवार, दुपारी ३:५२

२०१० मध्ये फायरशीप नावाचं एक ब्राउझरचं जोडपत्र आलं होतं, शेजारी बसलेल्याचं फेसबुक एका टिचकीत उघडायचं. तेव्हाची भीती खरी होती. त्यानंतर बहुतेक साइट एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) गेल्या. आज कुलपाची सूचना आली की 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. ऑफिसचं काम व्हीपीएनमधूनच. मात्र व्हीपीएन चालू असेल तर तिथलं लॉगिनचं पान उघडत नाही आणि लोक 'वायफाय बंद आहे' म्हणून उठून जातात. आधी व्हीपीएन बंद, पान उघडून हो म्हणा, मग चालू.

मला विचाराल तर असल्या ठिकाणी सुरक्षेपेक्षा गर्दीचाच त्रास जास्त. स्वतःचा हॉटस्पॉट बरा.

उंटावरून | बुधवार, संध्याकाळी ६:१५

उपग्रहाचं नेट का घेत नाही मग?

जुनाट_मोडेम | बुधवार, संध्याकाळी ७:००

कुठलं, ते बघून घ्यावं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. तिथे जाऊन खाली आणि उत्तर तसंच परत, यात प्रकाशालाच सुमारे ४८० मिलिसेकंद लागतात. प्रकाशापेक्षा जोरात कोणी धावत नाही, त्यामुळे कितीही भारी योजना घ्या, बोलताना एकमेकांवर आदळणारच. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, तिथे ही अडचण नाही. पण त्याला मोकळं आकाश आणि सतत वीज लागते, थाळी फोनसारखी खिशात मावत नाही. तीन महिन्यांसाठी, ४.६ अपलोड असताना? मी नाही घेणार.

खिडकीपाशी | शुक्रवार, रात्री ८:४०

सगळ्यांना एकदम सांगते.

आयटीवाल्याला १४३० चा आकडा लिहून पाठवला. आधी तीनदा "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असं उत्तर आलं होतं. या वेळी दहा मिनिटांत फोन आला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी १४०० चे १३०० केले, मी पुन्हा जोडलं, पान उघडलं. तीन आठवडे न उघडलेलं पान. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं ते सोडा.

मीटिंगमध्ये क्लाउड थांबवते, चित्र बंद, नुसता आवाज. काल साहेबांनी एकदाही पाण्याचा विषय काढला नाही.

संध्याकाळचं मात्र तसंच आहे. आठला एसआयएनआर ११ वरून ५ वर येतो, अपलोड एकच्या खाली. फोन कुठेही लटकवला तरी.

बिनतारी | शुक्रवार, रात्री ९:०५

ते तुमच्या हातात नाही. टॉवर एकच, त्या वेळी सगळे घरी येऊन व्हिडिओ लावतात, शेजारचे टॉवरही तेवढेच गरम, त्यांचा गोंगाट तुमच्याकडे. एकच करून बघा: अॅपमध्ये आसपास बँड ८ किंवा २८ सारखा खालचा बँड दिसतो का? ९०० किंवा ७०० मेगाहर्ट्झ भिंतीतून चांगलं आत येतं आणि तिथे जाण्यायेण्याचे रस्ते वेगळे असतात. वेग कमी, पण अपलोडला बरा. साध्या फोनात बँड पक्का करता येत नाही, राउटरमध्ये बऱ्याचदा येतो. नाहीतर मोठ्या फाइल पहाटे पाठवा. पाचला टॉवर तुमच्या एकटीचा असतो.

खिडकीपाशी | शुक्रवार, रात्री ९:२०

बँड ८ दिसतोय, उणे ९१. पण फोन आपणहून तिकडे जात नाही. मोठ्या फाइलींना पहाटेची वेळ लावून ठेवलीय, मी झोपलेली असते.

चार्जर_विसरला | शुक्रवार, रात्री ९:४८

माझं उत्तर चुकलं, मान्य. पण एक खरंच विचारतो: तो जुना फोन दिवसभर वायरीवर, १०० टक्के चार्ज, उन्हाच्या खिडकीत चिकटपट्टीने. मागचं झाकण फुगलंय का बघितलं का? माझा असाच गेला. तापला की आधी तो स्वतःच वेग कमी करतो, लोक टॉवरला शिव्या देतात.

खिडकीपाशी | शुक्रवार, रात्री ९:५५

आत्ता उतरवून बघितला. फुगलेला नाही, पण चांगलाच गरम आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये सापडली, चालू केली. उद्या वरचा कोपरा सोडून सावलीतली खिडकी मोजते. तिथे एसआयएनआर ९ आला तरी घेईन.